सहाव्या वर्षाची वॉरंटी

येत्या १८ नोव्हेंबरला माझ्या गाडीला पाच वर्षे पूर्ण होतील आणि त्याच दिवशी तिची चालू वॉरंटीही संपेल. गाडी मी नवी घेतलेली नाही. ती माझ्या दारात येऊन जेमतेम वर्ष झाले आहे. सहाव्या वर्षासाठी कंपनीची वाढीव वॉरंटी हवी असेल तर जीएसटीसह १ लाख ४६ हजार रुपये त्या तारखेच्या आत भरावेत, असा निरोप सर्व्हिस सेंटरकडून दसऱ्यापासून तीन वेळा आला. जळगावात कर सल्लागार म्हणून बसून मला सव्वीस वर्षे झाली. डाळ मिलवाल्यांच्या आणि केळीच्या व्यापाऱ्यांच्या वह्या तपासणे हा रोजचाच उद्योग असल्यामुळे कागद वाचायचा मला कंटाळा नाही. तरीही गेल्या वर्षभरात या एका विषयापायी जितके बारीक अक्षर मी वाचले, तितके कोणत्याही अशिलाच्या करारात वाचले नसेल. जुनी मोठी गाडी घेण्याचा विचार आमच्या भागात हल्ली बरेच जण करतात, म्हणून ते सारे एकदा सविस्तर लिहून काढतो आहे.

आमच्याकडे 'मोठी गाडी' म्हणजे पूर्वी सुमो, नंतर स्कॉर्पिओ आणि त्यानंतर फॉर्च्युनर. जर्मन गाडी ही मुंबई-पुण्याची गोष्ट मानली जायची. मग २०१० च्या ऑक्टोबरात अजिंठ्याच्या घाटापलीकडे, तेव्हाच्या औरंगाबादेत, उद्योजक-व्यावसायिकांच्या एका गटाने एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या, आणि ती बातमी जळगावच्या चहाच्या टपऱ्यांवरही महिनाभर चघळली गेली. त्या चर्चेत मीही होतो. गाडी घ्यायला मला पुढची चौदा वर्षे लागली, आणि तीही दुसऱ्याच्या हातची.

माझी गाडी २०२० सालची, डिझेलवर चालणारी, ऑटोमॅटिक जर्मन सेडान आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे ते कमी-अधिक फरकाने त्या वर्गातल्या सगळ्याच गाड्यांना लागू पडते. नवी असताना ती ऑन-रोड ६२ लाखांच्या घरात होती. मला ती चार वर्षांनी, ५८ हजार किलोमीटर चाललेली, पुण्याच्या एका डीलरकडून ३१ लाखांना मिळाली. हा सौदा काही नशिबाने साधलेला नव्हता. मोटार विम्यात गाडीची किंमत ठरवण्याचे जे ठरलेले कोष्टक आहे त्यातसुद्धा चार ते पाच वर्षांच्या गाडीतून ५० टक्के घसारा वजा होतो. म्हणजे निम्मी किंमत हा बाजाराचा सरळ भाव आहे आणि त्यात कोणी कोणावर उपकार करत नाही. घोटाळा वेगळ्याच ठिकाणी आहे. गाडीची किंमत चार वर्षांत निम्मी होते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत निम्मी होत नाही, उलट दरवर्षी थोडी वाढतेच. ३१ लाखांच्या गाडीला ६२ लाखांच्या गाडीचा हेडलाइट लागतो, तिचाच टर्बो लागतो आणि तिचाच गिअरबॉक्स लागतो. त्याच ३१ लाखांत नवी कोरी देशी एसयूव्ही घेणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, आणि म्हणून वॉरंटी हा त्याच्यासाठी दुय्यम विषय असतो. जुनी मोठी गाडी घेणाऱ्यासाठी तो मूळ व्यवहाराइतकाच महत्त्वाचा असतो. माझ्या मेहुण्याचे मत वेगळे होते. "दाजी, एवढी भीती वाटते तर घेता कशाला?" असे त्याने जेवताना विचारले, आणि खरे सांगायचे तर शेवभाजीचा रस्सा वाढून घेण्यापलीकडे माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हते.

गाडी पाहायला जाताना मी जळगावातल्या अजिंठा चौफुलीवरच्या आमच्या मिस्त्रीला सोबत नेले. तो अमळनेरकडचा, बोलणे निव्वळ अहिराणी, आणि स्कॅनर स्वतःचा. डीलरकडच्या मुलाने गाडीवर एक ओरखडासुद्धा नसल्याचे सांगितले. मी विम्याची पॉलिसी मागून घेतली. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, दावा न केलेल्या वर्षांनुसार २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो, त्यामुळे चौथ्या वर्षाच्या पॉलिसीवर ३५ टक्के दिसायला हवे होते. प्रत्यक्षात २० होते, याचा अर्थ दुसऱ्या वर्षात कधीतरी दावा झाला होता. विचारल्यावर "मागचा बंपर बदलला होता, सर, किरकोळ" असे उत्तर आले. बंपरचे मला फारसे वाटले नाही, पण 'ओरखडासुद्धा नाही' या वाक्याचे मोल तिथल्या तिथे समजले, आणि पुढे त्याच तोंडून वॉरंटीची स्तुती ऐकताना ते उपयोगी पडले. मिस्त्रीने टायर कधी बनले ते सांगणारे त्यांच्यावरचे चार आकडे वाचले, स्कॅनरवर निरनिराळ्या कंट्रोल युनिटमध्ये साठलेले किलोमीटर मीटरशी जुळवून पाहिले, आणि कंपनीच्या सर्व्हिस रेकॉर्डची प्रत चाळून झाल्यावर एवढेच म्हणाला, "भाऊ, हाई गाडीना गिअरनं तेल कोन्हीच बदलेल नही शे." म्हणजे या गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल कोणीच बदललेले नाही.

हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण माझा सहाव्या वर्षाचा निर्णय शेवटी त्याच्यावरच येऊन थांबला.

डीलरने त्या दिवशी माझ्यापुढे वॉरंटीचा जो कागद ठेवला तो कंपनीचा नव्हता. मूळ मालकाने तीन वर्षांच्या मूळ वॉरंटीवर कंपनीकडूनच आणखी दोन वर्षे वाढवून घेतली होती, आणि ती वॉरंटी मालकाच्या नावाला बांधलेली नसून चासी नंबरला बांधलेली असल्यामुळे गाडीबरोबर माझ्याकडे येणार होती. मी ही गाडी निवडली त्यामागचे खरे कारण हेच होते. तशीच दिसणारी दुसरी एक गाडी दोन लाखांनी स्वस्त मिळत होती, पण तिची वॉरंटी दीड वर्षापूर्वी तुटलेली होती, आणि एकदा खंड पडला की कंपनी सहसा पुन्हा वॉरंटी देत नाही किंवा आधी गाडीची संपूर्ण तपासणी करून, जे जे निघेल ते स्वखर्चाने दुरुस्त करायला लावून मगच देते. डीलरचा कागद मात्र एका तिसऱ्याच संस्थेचा होता. कंपनीची वॉरंटी संपल्यावर पुढची दोन वर्षे ही संस्था दुरुस्तीचा खर्च देणार, आणि त्यासाठी आजच ७२ हजार भरायचे. "सगळं कव्हर आहे, सर, डोळे झाकून घ्या," असे तो मुलगा म्हणाला. मी चष्मा लावला.

चौदा पानांचा करार होता. पहिल्या पानावर इंजिन, गिअरबॉक्स, टर्बो, स्टीअरिंग, एसी अशी ठळक चित्रे होती आणि पाचव्या पानापासून मजकूर सुरू होत होता. अशा करारांचे मुळात दोन प्रकार असतात, आणि विकणारा माणूस हा फरक आपण होऊन कधीच सांगत नाही. एका प्रकारात काय काय मिळणार नाही याची यादी असते, आणि त्या यादीत नसलेले सगळे मिळते. दुसऱ्या प्रकारात काय मिळेल याची यादी असते, आणि त्या यादीत नसलेले काहीच मिळत नाही. कंपन्यांची स्वतःची वाढीव वॉरंटी बहुधा पहिल्या प्रकारची असते; माझ्यापुढचा कागद दुसऱ्या प्रकारचा होता. त्यात 'इंजिन' असे लिहिले होते खरे, पण त्याची व्याख्या 'इंजिनाच्या आतील, तेलाने वंगण होणारे फिरते भाग' अशी होती. क्रँकशाफ्ट, पिस्टन, बेअरिंग हे भाग त्यात येतात, आणि पाच वर्षांच्या नीट वापरलेल्या गाडीत नेमके तेच भाग सहसा बिघडत नाहीत. बिघडतात ते सेन्सर, रबरी सील, गॅस्केट, प्लास्टिकची थर्मोस्टॅट हाउसिंग, पाण्याचा पंप, वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक युनिट. यांपैकी सील आणि गॅस्केट स्पष्ट शब्दांत वगळलेले होते, सेन्सरचा उल्लेखच नव्हता, आणि टर्बो 'कार्बन साठल्यामुळे झालेला बिघाड वगळून' घेतलेला होता. डिझेल गाडीचा टर्बो कार्बनव्यतिरिक्त आणखी कशाकशाने जातो, हे त्या मुलाला विचारण्यात अर्थ नव्हता.

पुढची पाने अधिक बोलकी होती. एका दाव्याला कमाल ७५ हजार, आणि दोन वर्षांत मिळून कमाल २ लाख. पहिल्या ३० दिवसांत झालेला बिघाड धरला जाणार नाही. बिघाड करारापूर्वीपासून होता असे संस्थेच्या सर्व्हेअरचे मत पडल्यास दावा नामंजूर. दर दहा हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी, यांत जे आधी येईल तेव्हा सर्व्हिसिंग, आणि त्यात पाचशे किलोमीटरची चूक झाली तर करार रद्द. इंजिन उघडून पाहिल्याशिवाय बिघाडाचे कारण कळत नाही, पण उघडण्याची मजुरी दावा मंजूर झाला तरच मिळणार, म्हणजे दावा फेटाळला गेल्यास उघडलेले इंजिन आणि त्याचे बिल दोन्ही आपल्या पदरी. वाद झाल्यास दिल्लीच्या न्यायालयात. या शेवटच्या ओळीला मात्र मी फार घाबरलो नाही, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार करण्याची मुभा दिलेली आहे आणि आपण भरलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाच्याच अधिकारात येते. जळगावचा आयोग माझ्या कार्यालयापासून लांब नाही. तरीसुद्धा ज्या कागदासाठी आयोगाची पायरी चढण्याची तयारी आधीच ठेवावी लागते, त्याला ७२ हजार देणे मला पटले नाही. मी नकार दिला. डीलरच्या मुलाचा चेहरा पडला. त्यात त्याचे कमिशन किती होते हे मी विचारले नाही, पण नकारानंतर गाडीची किंमत काही केल्या हजारानेही कमी झाली नाही, यावरून अंदाज आला.

१२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या दिवशी, गाडी घरी आली. बायकोने बॉनेटवर स्वस्तिक काढले, चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ फोडला, आणि सुपारी-हळकुंडे ठेवलेले पान डॅशबोर्डवर मांडून पूजा केली. फॉर्म २९ आणि ३० भरून एमएच-१२ ची गाडी आमच्या एमएच-१९ च्या आरटीओत माझ्या नावावर झाली. विमाही माझ्या नावे करून घेतला. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत हे केले नाही तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस हा त्याचाच राहतो, गाडीबरोबर येत नाही, एवढे इथे सांगून पुढे जातो.

वॉरंटीचा खरा अर्थ मला यंदाच्या मे महिन्यात कळला. खान्देशातला मे महिना कोणाला सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या आसपास, रस्त्यावर माणूस नाही, आणि डांबर चपलेला चिकटते आहे. धुळ्याला एक लग्न आटोपून मी दुपारी तीन वाजता सुरत-नागपूर महामार्गाने परत येत होतो. पारोळ्याच्या अलीकडे पडद्यावर पिवळा थर्मामीटर उमटला, तो दोन मिनिटांत लाल झाला, आणि इंजिन सावकाश चालवा असे न सांगता थेट थांबवा असा हुकूम आला. एका बंद ढाब्याच्या पत्र्याच्या सावलीत गाडी उभी केली. बॉनेटखालून कुलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, गोडसर वास येत होता आणि गाडीखालच्या मातीत निळसर ओल पसरत होती. पूर्वीच्या गाडीत मी अशा वेळी बाटलीभर पाणी ओतून जळगाव गाठले असते. या गाडीत तसे केले असते आणि गरम इंजिन तसेच दामटले असते, तर सिलिंडर हेड वाकल्यावर वॉरंटीने 'इशारा मिळूनही वाहन चालवले' या एका ओळीत हात झटकले असते. पडद्यावरच्या त्या लाल चिन्हाची वेळ गाडीच्या संगणकात नोंदली जाते, हे मला कागद वाचल्यामुळे माहीत होते. मी किल्ली खिशात टाकून बसून राहिलो.

कंपनीच्या मदत क्रमांकावरून सपाट तळाचा टोइंग ट्रक यायला साडेतीन तास लागले, कारण तो नाशिकहून निघाला होता. आमच्या भागातल्या माणसाने वॉरंटी घेताना हिशेबात धरायची गोष्ट म्हणजे हे अंतर. पुण्यातल्या माणसाची गाडी बंद पडली तर ती संध्याकाळी वर्कशॉपमध्ये असते आणि तो रिक्षाने घरी असतो. माझी गाडी रात्री नाशिकला पोचली, मी एसटीने जळगावला पोचलो, आणि नऊ दिवसांनी जळगावहून रेल्वेने नाशिक रोडला उतरून ती घेऊन आलो. पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट हाउसिंग दोन्ही बदलले होते. बिल ५८ हजार ४०० रुपयांचे होते आणि त्यातले मी भरले ते फक्त कुलंटचे, कारण द्रव पदार्थ 'खपणाऱ्या वस्तूं'त मोडतात. टोइंगचेही काही द्यावे लागले नाही. डीलरच्या त्या चौदा पानी करारात हा बिघाड बसला असता का, हे मी घरी आल्यावर मुद्दाम काढून पाहिले. पंप बसला असता. हाउसिंग बसली नसती. आणि टोइंग ५० किलोमीटरपर्यंतच होते. पारोळ्यापासून पन्नास किलोमीटरवर त्या गाडीला हात लावणारे कोण आहे, हे त्या करारात लिहिलेले नव्हते.

वॉरंटीत कधीच न बसणाऱ्या गोष्टींची आमच्या गावची एक वेगळी यादी करावी लागेल. पहिली डीपीएफची, म्हणजे धुराची काजळी अडवणाऱ्या गाळणीची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आल्यावर डिझेल मोटारींत ही गाळणी ठरूनच गेली आहे. तिच्यात साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी एक्झॉस्ट तापावा लागतो आणि तो तापायला महामार्गावरचा सलग पंधरा-वीस मिनिटांचा वेग लागतो. माझे घर ते कार्यालय तीन किलोमीटर. अशा वापराने गाळणी तुंबली तर तो बिघाड धरत नाहीत, वापराची पद्धत धरतात. म्हणून दर रविवारी सकाळी मी गाडी एरंडोलपर्यंत नेऊन आणतो. पद्मालयाच्या गणपतीला आमची हजेरी त्यामुळे वाढली आहे. शेजाऱ्यांना ती भक्ती वाटते आणि मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही. दुसरी गोष्ट पावसाची. पाण्यातून गाडी काढताना इंजिनात पाणी ओढले गेले तर वॉरंटी देत नाही, साधा विमाही देत नाही. त्यासाठी विम्यावर इंजिन प्रोटेक्टचे जोडकलम आधीच घ्यावे लागते. तिसरी गोष्ट झिजेची. ब्रेक पॅड, वायपर, टायर, सस्पेन्शनचे बुश हे झिजतात, बिघडत नाहीत, असे वॉरंटीचे तत्त्वज्ञान आहे, आणि काळ्या मातीवर बांधलेले आमचे रस्ते दर पावसाळ्यानंतर जी लाटांसारखी आकृती धारण करतात ती पाहता बुशांच्या बाबतीत हे तत्त्वज्ञान वर्षाला वीस-पंचवीस हजारांना पडते.

चौथी गोष्ट उंदीर. आमचे घर गावाच्या टोकाला आहे आणि मागच्या भिंतीपलीकडे केळीची बाग आहे. श्रावणात आठ दिवस गाडी उभी राहिली, तेवढ्यात इंजिनवरच्या फोमच्या आच्छादनाखाली उंदराने घर केले आणि एका सेन्सरची वायर कुरतडून ठेवली. वायरिंगचा तो तुकडा आणि मजुरी मिळून १९ हजार ३०० रुपये गेले. 'बाह्य कारणाने झालेले नुकसान' हे शब्द सर्व्हिस अॅडव्हायझरने इतक्या सहजपणे उच्चारले, की हा काही त्याच्याकडचा पहिला उंदीर नसावा. तेव्हापासून बॉनेटखाली डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी बांधलेली असते आणि एसी लावला की गाडीत आजीच्या ट्रंकेचा वास येतो.

आता सहाव्या वर्षाचा हिशेब. एका वर्षाचे १ लाख ४६ हजार. मागच्या वर्षभरात वॉरंटीतून मला मिळाले ते साधारण ५८ हजारांचे काम आणि टोइंग. केवळ या आकड्यांवर गेलो तर मेहुणा म्हणतो तेच बरोबर ठरते: महिन्याला बारा हजारांचे आवर्ती खाते उघडा, वर्षाला तेवढेच पैसे साठतील, बिघाड झाला तर त्यातून द्या, नाही झाला तर पैसे तुमचेच. चांगल्या देशी किंवा जपानी गाडीच्या बाबतीत मी अशिलांनाही हाच सल्ला देतो. पण सरासरीचा हिशेब तिथेच चालतो जिथे सर्वांत मोठा फटका आपल्या खात्यात मावतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या नियंत्रण युनिटसह दुरुस्तीचा मला सांगितला गेलेला अंदाज साडेचार लाखांचा आहे, आणि एका एलईडी हेडलाइटचा पावणेदोन लाखांचा. बारा हजारांच्या हप्त्याने साडेचार लाख जमायला तीन वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि गिअरबॉक्स तेवढा थांबेल असे त्याने लिहून दिलेले नाही.

आणि इथे मिस्त्रीचे ते वाक्य परत येते. कार कंपनीच्या वेळापत्रकात गिअरबॉक्सचे तेल बदलण्याची नोंदच नाही. ते गाडीच्या आयुष्यभरासाठी भरलेले आहे असे सांगितले जाते. झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक कित्येक महागड्या गाड्यांत असतो, आणि ती कंपनी स्वतः वापराच्या प्रकारानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान तेल बदलावे असे सांगते. माझ्या गाडीचे आज ७३ हजार झाले आहेत. मी अधिकृत वर्कशॉपमध्ये स्वखर्चाने तेल बदलायचे ठरवले आहे, पण पहिली चार वर्षे पुण्याच्या रहदारीत या गिअरबॉक्सने काय सोसले हे मला माहीत नाही, आणि पुढचे वर्ष हे त्याच्या परीक्षेचे आहे. चौफुलीवर मिस्त्रीला विचारले तर तो म्हणाला, "एक वरीस लई घ्या भाऊ, मंग दखू." लई घ्या म्हणजे घेऊन टाका, आणि मंग दखू म्हणजे मग पाहू. माझा सव्वीस वर्षांचा अनुभव याहून वेगळे काही सांगत नव्हता.

एका गोष्टीकडे मात्र मी आधी दुर्लक्ष केले होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि त्यावरचा उपकर जाऊन सरसकट ४० टक्के दर आला, नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या, आणि त्यांच्यामागोमाग माझ्यासारख्या जुन्या गाड्यांचे भावही खाली सरकले. सहाव्या वर्षाच्या करारात एकूण दाव्यांची मर्यादा 'दाव्याच्या दिवशीची बाजारातील किंमत' अशी आहे. माझ्या बाबतीत ती अजूनही पुरेशी वर आहे, पण आठ-दहा वर्षांची गाडी घेऊन तिच्यावर वॉरंटी काढणाऱ्याने हे कलम सर्वांत आधी शोधावे.

भाऊबीज झाल्यावर गेल्या सोमवारी गाडी नाशिकला नेली. पैसे भरण्याआधी आणि चालू वॉरंटी संपण्याआधी गाडीची पूर्ण तपासणी करून घ्यावी, कारण आज सापडलेला दोष चालू करारात दुरुस्त होतो आणि तोच पुढच्या महिन्यात सापडला तर 'आधीपासून होता' की 'नंतर झाला' हा वाद सुरू होतो. मी सहा तक्रारींची यादी लिहून नेली होती. इंजिनच्या वरच्या झाकणाच्या गॅस्केटमधून तेल पाझरत असल्याचे निघाले. ते वॉरंटीत बदलले. मागचे ब्रेक पॅड माझ्या खर्चाने. तीन तक्रारी तपासून निकाली काढल्या. सहावी तक्रार बायकोची होती: वळणावर पुढच्या डाव्या सीटखालून काहीतरी गडगडल्याचा आवाज येतो, असे ती वर्षभर सांगत होती आणि मी ते मनावर घेतले नव्हते.

संध्याकाळी काउंटरवर दोन पावत्या तयार होत्या. पहिली सहाव्या वर्षाच्या वॉरंटीची, १ लाख ४६ हजारांची. ती मी भरली. दुसरी पावती १,१८० रुपयांची होती, हजार रुपये मजुरी आणि १८ टक्के जीएसटी, आणि तिच्यासोबत जॉब कार्डाचा नंबर घातलेली प्लास्टिकची एक छोटी पिशवी होती. पिशवीत गेल्या वर्षीच्या दसऱ्याच्या पूजेतली सुपारी होती. सीटच्या रुळात अडकली होती म्हणे. जॉब कार्डावर लिहिले होते, 'बाह्य वस्तू, वॉरंटीत समाविष्ट नाही.'